तुम्ही विचारलंत म्हणून: ही रेघ पेन्सिलीची की छापलेली?

प्रदर्शनात माझ्या चित्रांपुढे हा प्रश्न हमखास येतो. छापाचित्र म्हणता, मग रेघ पेन्सिलीची कशी?

रेघ पेन्सिलीनंच काढलेली असते, पण प्लेटवर नव्हे. एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर रसायनानं रेघ कोरायची आणि तीत शाई भरून कागदावर छापायची. नेहमीच्या एचिंगमध्ये तांब्याच्या प्लेटवर मेण, डांबर आणि राळेचं ग्राउंड, म्हणजे तांबं झाकणारा थर, देतात. ते कडक झालं की सुईनं रेघ उघडी करतात. मी वापरते त्या सॉफ्ट ग्राउंडमध्ये, म्हणजे मऊ थरात, त्यातच चरबी किंवा व्हॅसलीन मिसळलेलं असतं, म्हणून ते चिकटच राहतं. त्यावर पातळ, खरबरीत कागद अलगद पसरायचा आणि कागदावर चित्र काढायचं. पेन्सिलीचा दाब पडेल तेवढंच ग्राउंड कागदाच्या पाठीला लागून निघून येतं. हात मात्र टेकवायचा नाही. तळव्याचा दाबही उमटतो. मी दोन्ही बाजूंना ठोकळे ठेवून वर फळी टाकते आणि तिच्यावर मनगट ठेवते.

कागद सोलून उलटा केला की पाठीवर तपकिरी चित्र दिसतं, आणि प्लेटवर त्याच जागी तांबं उघडं पडलेलं. सलग नाही, कागदाच्या पोताप्रमाणे कणाकणानं. मग फेरिक क्लोराइड, म्हणजे तांबं कोरणारं रसायन, तेवढेच कण खातं. हात कुठे जड पडला, कुठे हलका, ते सगळं तसंच्या तसं राहतं. याच एका गोष्टीसाठी मी सॉफ्ट ग्राउंड सोडत नाही.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात चित्रकार गेन्सबरोनं सॉफ्ट ग्राउंड वापरलं. पुढे शिळाछपाई आली आणि रेखाटनाची नक्कल करायचं काम दगडाकडे गेलं.

ग्राउंडमध्ये लेस, पानं, कापड दाबूनही पोत घेता येतो. आज ते फार सैल हातानं होतं. लेस दाबली की चित्र झालं, असं नाही. जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झचं १९०२-०३चं 'उद्रेक' हे छापाचित्र बघा. शेतकऱ्यांचा लोंढा धावतोय, पुढे पाठमोरी बाई हात उंचावून उभी. त्यात कापडाचा ठसा आहे, पण तो आधी डोळ्यात भरत नाही, माणसं भरतात.

आणि ओळखायचं कसं? चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दबलेला चौकोन शोधा. मग जरा तिरक्या उजेडात बघा: पेन्सिलीचं शिसं चकाकतं, छपाईची शाई सहसा तशी चकाकत नाही.