दसऱ्याचं तांबं

फोन आला तेव्हा मी ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये बसले होते.

"मॅडम, खंडेनवमीपर्यंत मशीन मस्त चालत होतं. दसऱ्याची सुट्टी झाली आणि आज सकाळपासून एक जोड धरत नाही. आई विचारतेय, पूजेत काही राहिलं का?"

रबाळ्याच्या गाळ्याचे मालक हसले, पण त्यात दम नव्हता. लेसरवाल्यांच्या इंजिनिअरने फोनवरच "सोर्स गेला असणार" असं सांगून टाकलं होतं. सोर्स, म्हणजे लेसरचा किरण तयार करणारा भाग, बदलायचा तर लाखांची गोष्ट. मी वाशीऐवजी रबाळ्यालाच उतरले.

माझं शिक्षण गणिती भौतिकीतलं. पीएचडीची पाच वर्षं मी पुंजसिद्धांतातल्या (क्वांटम थिअरीतल्या) ऑपरेटर नावाच्या गणिती क्रियांवर घालवली. रबाळ्यात ऑपरेटर म्हणजे दोन पाळ्यांत राबणारा माणूस, हे पहिल्या दिवशी कळलं. लेसर आणि धातू यांचं काय होतं त्याची समीकरणं मांडायची, हे आता माझं काम. हा गाळा मला वर्षभर मोजमापं देत होता आणि बदल्यात मी अडीअडचणीला जात होते. बॅटरीच्या पॅकमध्ये लागणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या इथे दीड किलोवॅटच्या फायबर लेसरने जोडतात.

मशीनवर झेंडूचा हार अजून होता, कंट्रोल पॅनेलवर हळदकुंकवाची बोटं. आपट्याची पानं तर थेट इमर्जन्सी स्टॉपच्या बटणावर ठेवलेली. (ती मी आधी हलवली.) ऑपरेटरदादाने चष्मे दिले. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत कुणी शहाणपणा करत नाही.

दादाने एक पट्टी लावून दाखवली. बारीकसा चट्टा उठला, बस. दुसऱ्या पट्टीला मशीनने बॅक रिफ्लेक्शनचा अलार्म देऊन स्वतःलाच बंद केलं. परत येणारा प्रकाश फायबरमधून सोर्समध्ये शिरला तर सोर्स खरंच जातो, त्यामुळे त्याचं बंद होणं बरोबरच होतं.

मी पॉवर मीटर काढला. जिथे पट्टी असते तिथे मोजलं, पॉवर पुरी. कव्हर ग्लास स्वच्छ. फोकस दोनदा तपासला, आर्गॉनचा दाब पाहिला. सोर्स ठणठणीत होता. मग लॅपटॉप उघडून बसले आणि तिथेच दोन तास गेले, कारण माझ्या मॉडेलप्रमाणे हा जोड धरायलाच हवा होता.

इथे थोडं तांब्याविषयी सांगावं लागेल. तांबं तांबडं का दिसतं, याचं कारण पुंजभौतिकीत आहे. तांब्यातल्या आतल्या ऊर्जापट्ट्यातले इलेक्ट्रॉन वर उचलायला साधारण २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. हिरव्यानिळ्या प्रकाशाकडे तेवढी ऊर्जा असते, म्हणून तो बऱ्यापैकी आत जिरतो आणि तांबडा परत येतो. आमचा लेसर १०७० नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्याच्या फोटॉनकडे, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणाकडे, जेमतेम १.१६. आतल्यांना हात लावायची त्याची ऐपत नाही. उरले मोकळे इलेक्ट्रॉन, आणि ते आरशाचं काम करतात. चकचकीत तांबं या किरणाचा शंभरातला पंचाण्णवहून जास्त भाग परत पाठवतं. जो थोडका आत जातो त्याची उष्णता तांबं पटकन पसरवून टाकतं. पण एकदा का एखादा ठिपका १०८५ अंशांवर वितळला, की शोषण एकदम वाढतं आणि जोड धरतो. म्हणजे सगळा खेळ पहिल्या ठिपक्याचा.

माझ्या समीकरणात हे शोषण म्हणजे एक अक्षर होतं. पुस्तकी आकडा होता ०.०४, पण तो घातला तर या गाळ्याची मोजमापं जुळत नव्हती. ०.१२ घातल्यावर जुळली. मी तेच ठेवलं आणि कारण लिहिलं, 'पृष्ठभागाचा खडबडीतपणा'. खडबडीतपणा मोजला होता का? नव्हता.

चहा आला तेव्हा पट्ट्या लावणाऱ्या मावशी माझ्या हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाल्या, "ताई, छान लखलखतंय ना?"

"हे असंच येतं का?"

"छे हो! काळपट असतं. पूजेला तसं मांडायचं होय? नवमीला चिंच-मीठ लावून आम्ही सगळा रॅक घासून काढला."

मी चहा खाली ठेवला. "न घासलेली एखादी आहे का?"

रिजेक्टच्या डब्यात होत्या, बोटांचे ठसे आणि तपकिरी डाग असलेल्या. दादाने त्यातली एक लावली. पहिल्या झटक्यात जोड धरला. अजून चार लावल्या, चारही धरले. मग मालकांनीच चिमट्यात एक लखलखीत पट्टी धरली आणि चहाच्या गॅसवर काळवंडेपर्यंत तापवली. तीही धरली. तांब्यावरचा ऑक्साइडचा थर हा किरण बऱ्यापैकी पितो आणि पहिला ठिपका तापवून देतो. माझं ०.१२ म्हणजे वर्षभर गोदामातल्या दमट हवेत पडून राहिलेलं तांबं होतं. माझ्या 'खडबडीतपणा'वर मावशींनी चिंच फिरवली होती.

मालकांना वाटलं, प्रश्न सुटला, आता सगळंच गॅसवर धरू. तसं करून चालत नाही. ऑक्साइड जोडात अडकला की छिद्रं राहतात आणि एकेक पट्टी वेगळी वागते. तांबं स्वच्छच हवं, बदलायचा तो लेसर. दादाने आणि मी किरण सोडणारं हेड काही अंशांनी तिरकं केलं, म्हणजे परतणारा किरण सरळ आत जाणार नाही. सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांना पॉवर चढवली, मग उतरवली. तीनदा फसलं, एकदा पट्टीला आरपार भोक पडलं. साडेपाचच्या सुमारास घासलेल्या पट्ट्यांचेही जोड धरू लागले. हिरवा लेसर घेतला तर हे फार सोपं जाईल हेही सांगितलं. मालकांनी किंमत विचारली आणि विषय तिथेच संपला.

निघताना म्हटलं, "पुढच्या वर्षी मशीनची पूजा करा, पण रॅकला चिंच लावायच्या आधी मला एक फोन करा."

मावशी पट्ट्या मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हीच या की नवमीला. घासायला एक हात कमीच पडतो."