मखमली भोपळ्याचे तोंड बंद करण्याचा माझा अनुभव

कापडी भोपळे शिवण्याचे जेवढे व्हिडिओ मी गेल्या शरदात पाहिले, त्या प्रत्येकात एक वाक्य हमखास होते : ‘आता दोरा ओढून घ्या आणि गाठ मारा.’ एवढे सांगून शिकवणारी बाई पुढच्याच दृश्यात देठ चिकटवू लागते. त्या एका वाक्यातून बाहेर पडायला मला तीन आठवडे लागले, दोऱ्याची दोन रिळे संपली आणि साडेतीन भोपळे वाया गेले. साडेतीन का, ते पुढे येईलच.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे सप्टेंबर सरत आला की घरोघरी पायऱ्यांवर भोपळे येऊन बसतात आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगपर्यंत, तिथेच राहतात. खऱ्या भोपळ्यांचा आमचा अनुभव फारसा चांगला नाही. पहिल्या वर्षी खारींनी ते पोखरले आणि दुसऱ्या वर्षी मुलाने हॅलोविनसाठी कोरलेला भोपळा आठवड्याभरात आतून सडून पायरीवर डाग पाडून गेला. कापडी भोपळ्यावर भुताचे तोंड कोरलेले नसते, त्यामुळे ३१ ऑक्टोबर उलटून गेला तरी तो शिळा वाटत नाही, आणि घरात शेकोटीवरच्या फळीवर ठेवता येतो. म्हणून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मी सहा भोपळे शिवायचे ठरवले. त्यांतला एक शेजारच्या बाईंना द्यायचा होता. त्यांनी उभे आयुष्य गोधड्या शिवण्यात घालवले आहे, त्यामुळे त्यांच्या हाती कच्चे काम देण्याची मला सोय नव्हती.

पहिली चूक कापड घेतानाच झाली, आणि तिची झळ पुढे सगळ्या कामाला लागली. आमच्या भागातले लोक कापड घ्यायला जिथे जात, ती १९४३ पासून चालत आलेली जोॲन ही दुकानांची साखळी २०२५ च्या मे महिन्यापर्यंत सगळीकडची बंद झाली होती. त्यामुळे मखमल हाताला लावून न बघता, पडद्यावरचा रंग पाहून मागवावी लागली. शेंदरी, राखाडी हिरवा आणि मातकट गुलाबी अशा तीन रंगांची प्रत्येकी अर्धा यार्ड मखमल मी मागवली. ५४ इंच पन्ह्यातून २२ बाय ११ इंचांचे दोन तुकडे आरामात निघतात. पार्सल आले तेव्हा रंग अगदी सुरेख होते. मात्र ती सोफ्याला लावायची मखमल होती, मागून कडक अस्तर चिकटवलेली, आणि माहितीतला ‘घरसजावटीसाठी’ हा शब्द मी भोपळ्याच्या बाजूने वाचला होता. तुम्हाला कापड निवडायचे असेल, तर अंगावर घालायची मऊ मखमल किंवा बारीक रेघांचे कॉर्डरॉय घ्यावे. आपल्याकडचा खणही चालतो, फक्त त्याच्या कडांचे दोरे फार सुटतात म्हणून आधी कडेने टीप मारून घ्यावी.

शिवणकाम असे काही फार नाही. आयताची लांबी उंचीच्या दुप्पट धरायची, कारण लांबी हा भोपळ्याचा वेढा असतो आणि उंचीची बाजू वरच्या देठापासून खालच्या बुडापर्यंत अर्धाच वेढा फिरते. आखूड कडा सुलट बाजू आत ठेवून एकमेकींना जोडल्या की नळी तयार होते. नळीच्या एका कडेला हाताने धावदोरा घालायचा, ओढून तोंड बंद करायचे, उलथून कापूस भरायचा आणि दुसरे तोंडही तसेच बंद करायचे. मशीनची टीप मारायला मला दहा मिनिटे लागली असतील. मखमल सरकते म्हणून टाचण्या थोड्या जवळजवळ लावाव्यात, एवढेच त्या भागाबद्दल सांगण्यासारखे आहे.

आता तोंडाकडे येते. पहिल्या नळीला मी बारीक, एकसारखा धावदोरा घातला. शाळेत शिवणाच्या तासाला बाई माझा रुमाल वर्गात फिरवून दाखवत असत, आणि तो हात अजून टिकला आहे याचा मला, खरे सांगायचे तर, थोडा गर्व होता. दोरा ओढला. चुण्या पडल्या, तोंड आवळत आले आणि मधोमध रुपयाएवढे भोक उरून तिथेच थांबले. आणखी ओढल्यावर दोरा तुटला. दुसऱ्यांदा दोरा दुहेरी केला, तेव्हा दोरा टिकला पण सुरुवातीची गाठ कापडातून अलगद बाहेर आली आणि सगळ्या चुण्या माझ्या डोळ्यांदेखत सरळ झाल्या. तिसऱ्यांदा गाठ मोठी मारली आणि दोरा पुन्हा तुटला, तोही शेवटच्या दोन टाक्यांवर.

असे मी किती वेळा केले याची मोजदाद ठेवली नाही. तीन नळ्यांच्या कडा इतक्या वेळा उसवल्या आणि टोचल्या गेल्या, की त्यांचे अस्तर सुटून मखमलीचा चुरा सोफ्यावर, गालिच्यावर आणि एकदा वरणातही सापडला. दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी झेंडूची फुले ओवताना दोरा कसा निमूटपणे ऐकतो हे पाहून मला मखमलीचा आणखीच राग आला. जोर वाढवायचा, एवढा एकच उपाय मला सुचत होता. तर्जनीवर दोऱ्याचा वळ उठला, नवऱ्याने पक्कड आणून दिली आणि पक्कडीने ओढलेला दोरा हाताने ओढलेल्यापेक्षा लवकर तुटतो हे त्या रात्री सिद्ध झाले. चौथ्या भोपळ्याचे बूड त्यातल्या त्यात नीट आले होते. त्याच्या वरच्या तोंडाचे भोक मी शेवटी एका मोठ्या कोटाच्या बटणाखाली लपवले. अर्धा वाया गेलेला भोपळा तो हाच, आणि तो अजूनही फळीच्या मागच्या रांगेत बसतो.

मग एका रविवारी मी चिडून कागदावर हिशेब मांडला, आणि बारीक टाक्यांच्या बाबतीतला माझा भ्रमाचा भोपळा तिथे फुटला. शिवणीत गेलेले कापड सोडले तर नळीचा वेढा २१ इंच होता. पाव इंचाचा टाका आणि पाव इंचाची मोकळी जागा धरली, तर ४२ चुण्या पडतात. प्रत्येक चुणीत कापडाचे दोन पदर येतात. माझी मखमल जवळजवळ एक मिलिमीटर जाड होती, म्हणजे या ४२ चुण्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या तरी त्यांना ८४ मिलिमीटरचा घेर लागणारच, आणि तेवढ्या घेराचे भोक २७ मिलिमीटरचे होते. एक इंचाहून थोडे जास्त. मी कितीही ओढले असते, तरी कापडाला जायला आत जागाच नव्हती. टाका अर्ध्या इंचाचा घेतला तर चुण्या २१ पडतात आणि भोक निम्म्याने लहान होते. शाळेत ज्या बारीक टाक्याला शाबासकी मिळत होती, तोच इथे तोंड उघडे ठेवत होता. पातळ सुती कापडावर ही चूक कळूनही येत नाही, आणि व्हिडिओतल्या बहुतेक बायकांच्या हातात पातळ कापडच असते.

हिशेब कळला तरी दोऱ्याचा प्रश्न उरला होता. तो सुटला तो साताऱ्याच्या आईमुळे. व्हिडिओ कॉलवर मी तिला उघड्या तोंडाची नळी दाखवली, तेव्हा तिने आधी या भोपळ्याचे करायचे काय असते ते दोनदा विचारून घेतले आणि मग म्हणाली, “अगं, पोत्याचं तोंड कुणी नुसतं ओढून बंद करतं का? आवळायचं, सुतळी गुंडाळायची आणि मग गाठ. तुझ्या आजोबांच्या दुकानात एवढी वर्षं बघितलंस ना?” बघितले होते खरे. चुण्या आवळल्या गेल्या की त्यांची एक मान तयार होते. तोच दोरा त्या मानेभोवती चार-पाच वेळा घट्ट गुंडाळला, की सगळा ताण गाठीवर न येता वेढ्यांवर येतो. बुडाच्या बाबतीत ही मान उलथल्यावर आत जाते आणि दिसतही नाही. वरच्या बाजूला ती बोटाने आत ढकलायची आणि तिच्यावर देठ बसवायचा.

दोरा म्हणून मी शेवटी दातांत फिरवायचा मेण लावलेला फ्लॉस वापरला. सोफ्याच्या शिवणीचा जाड नायलॉनचा दोराही तेवढाच चांगला असतो, पण रात्री साडेदहा वाजता तो घरात नव्हता आणि फ्लॉस न्हाणीघरात होता. फ्लॉस मेणामुळे कापडातून सरकतो आणि सहजी तुटत नाही. सुरुवातीला गाठ मारून तिच्या भरवशावर राहू नये. शिवणीच्या जागेवर, जिथे कापड दुहेरी असते, तिथे तीन उलटे टाके घेऊन दोरा पक्का करावा. ओढताना हिसका देऊ नये. थोडे ओढावे, चुण्या बोटांनी सारख्या कराव्यात, पुन्हा थोडे ओढावे. मानेला पहिला वेढा घालताना कुणी तरी चिमटीत मान धरून ठेवली तर फार बरे होते. हे काम माझ्या मुलाने केले आणि त्याबद्दल एक भोपळा स्वतःच्या नावावर करून घेतला.

त्या रात्री पहिले तोंड बंद झाले तेव्हा मी त्यावर करंगळीचे टोक ठेवून पाहिले. टोक आत गेले नाही. मी दिवे मालवून झोपायला जायला हवे होते, पण आणखी दोन नळ्यांची बुडे मिटवूनच उठले.

बाकीचे जसे आठवते तसे सांगते. बुडाला वजन नसेल तर मखमली भोपळा कलंडतो, म्हणून आत वाटीभर तांदूळ घालतात. तांदूळ सुटे घालू नयेत आणि घालण्यापूर्वी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवावेत, नाहीतर पुढच्या वर्षी भोपळ्यातून पोरकिडे निघतात. मी तांदूळ पुरचुंडीत घातले होते, पण फाका पाडताना सुई नेमकी पुरचुंडीतून गेली आणि छिद्रातून एकेक दाणा गळू लागला. त्यानंतर मी डोक्यावर घागर घेताना ठेवतात तशी चुंबळ शिवली : जुन्या चादरीच्या लांबट पिशवीत तांदूळ भरून तिची दोन टोके जोडली. ती बुडाशी बसते आणि सुईला मधून वाट मिळते.

फाका पाडायला साधी सुई पुरत नाही. भोपळ्याच्या आरपार जाईल अशी सात इंच लांब सुई लागते. इथे ती बाहुल्यांची सुई म्हणून मिळते आणि दिसायला आपल्या दाभणाची सडपातळ बहीण असते. दोरा कशिद्याचा, सहाही पदरांचा घ्यावा. तो बुडाच्या मध्यातून वर काढायचा, बाहेरून खाली आणायचा आणि पुन्हा मध्यातून वर. पहिल्यांदा दोन भाग, मग चार, मग आठ असे केले की फाका सारख्या पडतात. एका बाजूने ओळीने पाडत गेल्यास शेवटची फाक कलिंगडाच्या फोडीएवढी उरते. त्याआधी कापूस जितका भरावासा वाटतो त्याच्या दीडपट भरावा, कारण फाका आवळल्या की आतला भाग दबतो.

देठ खऱ्या भोपळ्याचाच सर्वांत शोभतो. गावाबाहेरच्या शेतावर, जिथे लोक भोपळे निवडायला जातात, तिथे तुटलेल्या देठांचे काय करता असे विचारल्यावर त्यांनी मला पिशवीभर देठ फुकट दिले. ओला देठ मखमलीवर बुरशी धरतो, म्हणून ते हीटरच्या झडपेजवळ तीन आठवडे वाळवले. माझी तोंडे मिटेपर्यंत देठही वाळले होते, हा त्या विलंबाचा एकमेव फायदा. देठ गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवावा आणि त्या वेळी बोट मध्ये आणू नये. माझ्या अंगठ्यावरचा फोड बरा व्हायला दिवाळी उलटली.

आणि लवेचे सांगायचे राहिलेच. कापण्यापूर्वी मखमलीवरून हात फिरवून लव कोणत्या दिशेला बसते ते पाहावे आणि ती वरून खाली, देठाकडून बुडाकडे, वाहील असाच तुकडा कापावा. एका शेंदरी भोपळ्याची लव उलटी गेली आणि तो त्याच कापडाच्या दुसऱ्यापेक्षा कायम एक छटा गडद दिसतो. इस्त्री सुलट बाजूने मुळीच करू नये. पॉलिएस्टरची लव एकदा चपटी झाली की पुन्हा उठत नाही.

वाया गेलेल्या तीन नळ्यांसाठी कापड पुन्हा मागवावे लागले, तेव्हा मात्र मऊ मखमल घेतली. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी राखाडी हिरवा भोपळा घेऊन मी शेजारी गेले. बाईंनी तो दोन्ही हातांत घेतला, रंगाबद्दल अवाक्षर काढले नाही, सरळ उलटा केला आणि बुडाच्या मध्यावर अंगठा दाबून पाहिला. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारले, दोरा कोणता वापरलास? मी सांगितल्यावर त्या आत गेल्या आणि स्वतःच्या शिवणाच्या डब्यातली फ्लॉसची डबी आणून त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली.