पावणेतीन मिलीमीटरचं भांडण

‘सर, एचओ म्हणजे एचओ. बसणारच!’ एचओ, म्हणजे खऱ्याच्या १/८७ मापाची मॉडेल रेल्वे. तिचा कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा, विकणाऱ्याचं हे वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं. बसतो हो, पण कुठल्या उंचीवर, ते विचारलं की फोनवर शांतता.

मला बॉक्सएन वाघीण, म्हणजे कोळशाचा उघडा मालडबा, करायची होती, लोंढ्याला कोळशानं माखलेली दिसते तशी. सांगाडा सनबोर्डचा कापला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. चाकांचा हिशेबही सोपा निघाला. खरं चाक नवं असताना १००० मिलीमीटरचं असतं आणि झिजत झिजत ९०६ पर्यंत चालतं. ८७ नं भागलं की ११.५ आणि १०.४. अमेरिकन ३६ इंची चाक एचओत १०.५ चं येतं, तेच घेतलं. माझी वाघीण झिजक्या चाकांवर धावते, कुणाचं काय जातंय?

‘उद्यमबागेत जा की, पाहिजे तेवढी चाकं टर्न करून देतील,’ असं मित्र म्हणाला. उद्यमबाग म्हणजे बेळगावची कारखान्यांची वसाहत. देतील, पण इथे वीज दोन्ही रुळांतून येते. एक चाक अॅक्सलपासून इन्सुलेट केलेलं नसेल तर वाघीण रुळावर ठेवताक्षणी शॉर्ट. चाकं तयारच घ्या, आणि धातूचीच. प्लॅस्टिकची चाकं रुळावर काळा मळ पसरवत जातात.

आता कपलर. आपल्याकडे ब्रॉडगेजवर रिकाम्या वाघिणीचा कपलर रुळापासून जास्तीत जास्त ११०५ मिलीमीटरवर असतो. एचओत ते होतात १२.७. कॅडी कंपनीचा ५ नंबरचा कपलर मात्र अमेरिकन मापाचा, त्याचा मध्य रुळापासून ९.९ वर यावा लागतो. माझं विकतचं इंजिनही त्याच मापाचं. फरक पावणेतीन मिलीमीटरचा. वाघीण खऱ्यासारखी केली तर नकल, म्हणजे कपलरचे अडकणारे जबडे, एकमेकांना जेमतेम टेकतात, आणि रुळाच्या सांध्यावर हिसका बसला की गाडी तुटली. कपलरच्या मापानं अख्खी वाघीण खाली आणावी तर ती बसकी दिसते आणि चाकं तळाला घासतात. दोन्ही करून पाहिलं, दोन्ही मनाला पटेनात. विक्रेत्याला पुन्हा विचारलं, तर म्हणाला, ‘पॅकिंग टाका.’ कुठे टाकू? बोगीवर, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्यावर, टाकलं की वाघीण आणखी वर जाते!

शेवटी वाघीण खऱ्या उंचीवरच ठेवली आणि कपलर ज्यात बसतो ती डबी तेवढी हेडस्टॉकच्या, म्हणजे वाघिणीच्या टोकाच्या आडव्या तुळईच्या, खाली उतरवली, मधे प्लॅस्टिकच्या पट्टीचं पॅकिंग घालून. डबी दोन चाकांच्या मधोमध येते, अॅक्सलच्या वर जेमतेम जागा उरते, पण वळणावर कुठे अडत नाही. बाजूनं पाहिलं तर कपलर लोंबल्यासारखा दिसतो. दिसू दे. दोन रुळांमधलं अंतरसुद्धा १९.३ ऐवजी १६.५ चंच मिळतं, ते चालवून घेतोच की.

चाकं आधी ठरवा, हे वरच सांगायला हवं होतं. ३३ इंची चाकाऐवजी ३६ इंची घातलं की वाघीण जवळजवळ अर्धा मिलीमीटर वर जाते, मग कपलरचं माप पुन्हा पहिल्यापासून. अगदी किरकोळ फरक उरला तर बोगीच्या स्क्रूवर जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे वॉशर चालतात. माप घ्यायला कॅडीचा २०५ नंबरचा गेज घ्या, डोळ्यांवर विसंबू नका. डबी चिकटवायला फेविक्विक नकोच. थेंब आत गेला की स्प्रिंग कायमची बसली. १.६ चं भोक, एम-२ चा टॅप आणि स्क्रू. कपलरखालची वाकडी तार रुळापासून पाऊण मिलीमीटर तरी वर हवी, नाहीतर गाडी रूळ बदलते त्या काट्यावर अडकते.

आणि वजन. एनएमआरएचा, म्हणजे अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा, नियम एक औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. बॉक्सएन १२३ मिलीमीटरची, म्हणजे साधारण ९७ ग्रॅम. सनबोर्डची वाघीण याच्या जवळपासही जात नाही. तळाशी लोखंडी नट चिकटवा, त्यावर कोळसा पसरा.