पाच कोसांचे अंतर आणि मिठाचा खडा

अद्भुतरम्य प्रेमकथेची मालिका लिहायला घेतली, त्याला आता आठ महिने होत आले. एवढ्या काळात एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही: पहिल्या पानावर वाचकाच्या हाती नेमके काय द्यायचे? जग आपण नव्याने उभे केलेले असते. त्यातले राजवंश, नद्या, कुलदेवता, जादूचे विधिनिषेध हे सारे आपल्याला तोंडपाठ असते आणि वाचकाला त्यातले काहीच ठाऊक नसते. म्हणून आधी ते सगळे सांगून टाकावे आणि मग निवांतपणे कथेला हात घालावा, असा मोह होतो. माझ्या पहिल्या खर्ड्याची अकरा पाने अशीच चार राज्यांच्या वंशावळीत गेली. ताईने ती मन लावून वाचली आणि एवढेच विचारले, "छान आहे गं सगळं, पण ती दोघं कुठे आहेत?"

त्या प्रश्नाने मला पुन्हा वाचनाकडे वळवले. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' आमच्या पिढीला माहीत आहे ती नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणाऱ्या मालिकेमुळे. १८८८ सालची मूळ हिंदी कादंबरी मात्र मी या उन्हाळ्यात प्रथमच वाचली, आणि तिचे पहिले प्रकरण संपल्यावर पुढे न जाता तेच पुन्हा दोनदा वाचले.

वेळ संध्याकाळची आहे. निर्जन माळावर, एका टेकडीच्या पायथ्याशी, खडकावर दोन तरुण बोलत बसले आहेत. एक नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि दुसरा त्याचा जिवलग मित्र तेजसिंह, ज्याच्या कमरेला खंजीर, काखेत बटवा आणि हातात कमंद, म्हणजे तटावर चढण्याचा दोर आहे. विजयगढची राजकन्या चंद्रकांता हिची चिठ्ठी आली आहे, कसेही करून लवकर भेट असे तिने कळवले आहे, आणि वीरेंद्र हळहळतो की दोन्ही राज्यांमध्ये अंतर अवघे पाच कोसांचे, तरीही आपल्याला काही करता येत नाही. तुला तिथवर नेणे मला अवघड नाही, असे तेजसिंह सांगतो. पण विजयगढच्या मंत्र्याचा मुलगा क्रूरसिंह याचाही चंद्रकांतेवर डोळा आहे, त्याच्या दिमतीला दोन ऐयार आहेत आणि राजवाड्याभोवती कडक पहाराही आहे.

पाच कोस. चालत गेले तर एका दिवसाचीही वाट नाही. तेवढ्या अंतरात खत्रींनी प्रेम, शत्रू आणि विद्या या तिन्ही गोष्टी बसवल्या, आणि त्यातली एकही दृश्य थांबवून समजावत बसले नाहीत. ऐयार म्हणजे वेषांतर, हेरगिरी आणि औषधी यांत निष्णात असलेला राजदरबारी माणूस, हे खत्रींनी भूमिकेत सांगितले आहे, पण आपल्याला ते खरे उमगते ते त्याची निकड समोर उभी राहिल्यावर. बटव्यात काय काय आहे, हेही लगेच सांगितलेले नाही. बेशुद्ध करणारी पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा या वस्तू पुढे ज्या त्या प्रसंगी बाहेर निघतात. ज्या तिलिस्मासाठी, म्हणजे गुप्त यंत्रांनी राखलेल्या अद्भुत वास्तूसाठी, ही कादंबरी आणि तिच्यापुढची चोवीस भागांची 'चंद्रकांता संतति' आजही आठवली जाते, तो तिलिस्म तर या पहिल्या दृश्यात कुठेच नाही. वाचक आधी त्या दोघांच्या ताटातुटीत गुंततो आणि मग ती ताटातूट ज्या ज्या वाटेने जाईल, त्या त्या वाटेवरचे जग तो आपणहून पाहू लागतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खत्रींनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते, तिथल्या दऱ्याखोऱ्यांतून आणि पडक्या वास्तूंतून ते हिंडलेले होते. नौगढ, विजयगढ, चुनार ही खरी ठिकाणे आहेत. पायाखालची जमीन ओळखीची असल्यामुळेच दगडी बगळा राजकन्येला गिळतो तेव्हा आपण ते मान्य करतो.

आपल्याकडे नारो सदाशिव रिसबुडांनी १८६८ साली 'मंजुघोषा' या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत याच्या उलट बाजू मांडली होती. आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात मन गुंतवील असे फारसे काही घडत नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचाच आधार घ्यावा लागतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. मराठी कादंबरीच्या त्या पहिल्या पिढीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ही गोष्ट मला पटत नाही. अद्भुताकडे जाणारी वाट रोजच्या जगण्यातूनच निघते, आणि निदान मराठीत तरी ती आपल्या बोलण्यात आधीच पडलेली आहे.

माझ्या मालिकेची जादू मला अशीच भाषेत सापडली. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतो. मिठाला स्मरण असते, हे मराठी वाचकाला वेगळे पटवून द्यावेच लागत नाही. म्हणून माझ्या जगात मीठ शब्द धरून ठेवते. खड्यावर ओठ टेकवून जे बोलावे, ते त्या खड्यात राहते आणि ज्याने तो जिभेवर ठेवावा, त्याला एकदाच, विरघळेपर्यंत, ऐकू येते. बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. पुढचा सूर्योदय होईपर्यंत त्याचा आवाज जातो.

आता चार राज्यांच्या जागी एक खाडी आहे. अलीकडे मिठागरे, पलीकडे दीपमाळ असलेले गाव, आणि मधली तर, म्हणजे खाडी ओलांडून नेणारी होडी, मृगाचा पहिला पाऊस पडला की बंद होऊन थेट नारळी पौर्णिमेला सुरू होते. ऐयाराच्या चेहऱ्यावरचा रंग पाण्याने धुतला की सोंग संपते, तसे माझ्या मिठालाही पाण्याचेच भय आहे. जादूची मर्यादा आणि विरहाचे कारण एकच झाले, तेव्हा पहिले प्रकरण मला दोन दिवसांत लिहिता आले. ते असे उघडते: मृगाच्या आदल्या संध्याकाळी, मिठागराच्या शेवटच्या वाफ्यातले मीठ ओढून झाल्यावर, एक तरुण बांधावर बसून बोराएवढा खडा निवडतो, त्यावर बराच वेळ ओठ टेकवतो आणि तो केळीच्या सोपटात गुंडाळून तरीच्या तांडेलाच्या हातात देतो. तांडेल विचारतो, "कुणाला द्यायचा रे?" आणि त्याला उत्तर देता येत नाही, कारण आवाज गेलेला असतो. तो नुसता पलीकडच्या दीपमाळेकडे बोट दाखवतो.

मीठ शब्द का धरते, ही विद्या खाडीकाठी कुणी आणली, मेलेल्या माणसाचा खडा जवळ ठेवायला बंदी का आहे, हे सगळे माझ्या वहीत लिहिलेले आहे आणि ते दुसऱ्या भागापर्यंत वहीतच राहील. ताईला नवे प्रकरण परवा पाठवले. तिचा रात्रीच फोन आला, आणि तिने विचारले की तरीची होडी खाडीच्या मध्यावर असतानाच पाऊस आला तर त्या खड्याचे काय होईल. दुसरे प्रकरण मी तिथूनच सुरू केले आहे.