टाच उचलली एकदाची

मी सरेला फिजिओ आहे, व्हँकुव्हरच्या बाजूचं शहर. बीसी लायन्स या फुटबॉल टीमचं ट्रेनिंग सेंटर इथेच, त्यामुळे आमच्याकडे फुटबॉलवाली पोरं बरीच येतात. फुटबॉल म्हणजे इथला कॅनडावाला, बारा-बारा जणांचा, टॅकलवाला, म्हणजे बॉलवाल्याला पकडून पाडायचा.

असाच एक पोरगा, लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्समधला टॅकल करणारा. अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी नस, तुटून ऑपरेशन झालेलं, पायाला आधार देणारा बूट निघूनही बरेच आठवडे झालेले. दोन्ही पायांवर टाचा मस्त उचलायचा, पण एका पायावर उचल म्हटलं की जागच्या जागी थिजायचा. ताकद आली होती हो, नुसती भीती. ही नस तुटते तेव्हा मागून कुणीतरी लाथ घातली असं वाटतं आणि वळून बघावं तर कुणीच नसतं, ते माणूस लवकर विसरत नाही. म्हणाला, लाइनबॅकरची अकिलीस गेली म्हणजे संपलंच सगळं.

मग मी लायन्सच्या जुन्या लाइनबॅकरचा, सॉलोमन एलिमिमियनचा विषय काढला. नाव त्याला माहीत होतं, दुखापतीचं नव्हतं. जन्म नायजेरियाचा, वाढला लॉस एंजेलिसला, 2010 ला लायन्सकडे आला आणि त्याच वर्षी लीगचा बेस्ट रुकी, म्हणजे नवख्यांमधला सर्वोत्तम. 2014 ला 143 टॅकल, तेव्हाचा रेकॉर्ड, बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेयर तर झालाच पण अख्ख्या लीगचा मोस्ट आउटस्टँडिंग प्लेयर पण तोच, जो अवॉर्ड एरवी क्वार्टरबॅक, रनिंग बॅक नाहीतर रिसीव्हर अशा अटॅकवाल्यांकडे जातो. फक्त डिफेन्स खेळून तो मिळवणारा हा पहिलाच! आणि पुढच्याच सीझनला, 2015 ला, अकिलीस तुटली.

2016 ला परत आला. 129 टॅकल, पुन्हा बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेयर. 2017 ला 144, स्वतःचाच रेकॉर्ड एकने मोडला. मला विचाराल तर 143 पेक्षा ते 129 मोठे, कारण लाइनबॅकरचं पहिलं पाऊल पंजावरून पडतं आणि सगळा जोर त्याच शिवलेल्या नसेवर येतो. सगळेच असे परत येत नाहीत, हेही पोराला स्पष्ट सांगितलं, खोटी आशा मी कुणाला देत नाही.

तो काहीच बोलला नाही. उठला, भिंतीला फक्त बोटं टेकवली आणि टाच उचलली, इंचभरच असेल, पण एका पायावर. हळू खाली, परत वर. पोटरी थरथरायला लागली तशी मीच थांबवलं, मला कोण आनंद झाला होता! लगेच विचारतो, पळायचं कधी? म्हटलं दुसऱ्या पायाइतकी उंच आणि तितक्याच वेळा उचलून दाखव, मग जॉगिंगचं बोलू.