पाव मैल, साडेपाच सेकंद आणि एक जळका प्लग

"किती सेकंदांची शर्यत?" अप्पांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला.

"साडेपाच, पावणेसहा."

"आपल्या घाटात अकरा-बारा लागतात," ते म्हणाले आणि गप्प झाले. मनात हिशेब मांडत असणार.

आमचं गाव नारायणगावच्या जवळ. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म डिझेल इंजिनं उघडण्यात गेला, आणि यात्रांमधल्या बैलगाड्यांच्या शर्यती त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. त्या शर्यतीच्या पट्ट्याला आमच्याकडे घाट म्हणतात, आणि एका धावेला बारी. वर्षभर बैलांना खाऊ-पिऊ घालायचं, जपायचं, आणि बारी दहा-बारा सेकंदांत संपते. त्या सेकंदांसाठी माणसं उन्हात दिवसभर उभी राहतात. त्यामुळे ड्रॅग रेसिंग म्हणजे काय, हे मला घरी फारसं समजावून सांगावं लागलं नाही. सरळ पट्टा, शेजारी शेजारी दोन गाड्या, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, आणि जो आधी पोचला तो जिंकला.

दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, लॉस एंजेलिसला असतो. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली होती. वहिनीने चकल्यांचा डबा बरोबर दिला आणि आम्ही शनिवारी पहाटे फमोसोच्या ड्रॅग शर्यतींना निघालो. आय-५ महामार्ग तेहोन खिंडीत चढतो आणि पलीकडे एकदम खाली, सपाट खोऱ्यात उतरतो. उतरताच हवा बदलते. गरम, धुळकट, मातीचा वास असलेली. बेकर्सफील्डच्या आसपास तेलविहिरींचे पंप मान खालीवर करत उभे दिसतात, मग नव्व्याण्णव नंबरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाच्या आणि द्राक्षाच्या बागा लागतात. द्राक्षबागा पाहून मला घरच्यासारखं वाटलं. बागांच्या मधोमध फमोसोचा पट्टा आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे सरावासाठीची धावपट्टी होती. युद्ध संपलं, विमानं गेली, आणि पोरांनी गाड्या आणल्या.

कॅलिफोर्नियात हे असंच घडलं. सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या हातात यंत्राचं कसब होतं आणि जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात मिळत होत्या. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणारं व्ही-८ इंजिन आणलं होतं. पोरांनी मडगार्ड काढून टाकले, टप कापून बुटके केले, इंजिनं फुगवली. ती हॉट रॉड. आधी कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या तळावर पळवायचे, मग रस्त्यावर, आणि १९५० साली सांता आनाच्या विमानतळावर तिकीट लावून रीतसर शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली.

फमोसोचं नाव झालं ते १९५९ मध्ये. असोसिएशनने १९५७ पासून नायट्रोमिथेन या जहाल इंधनावर बंदी घातली होती. बेकर्सफील्डच्या स्मोकर्स नावाच्या क्लबने ती न जुमानता इथे इंधनाची खुली शर्यत ठेवली. फ्लोरिडाहून डॉन गार्लिट्स आपली गाडी घेऊन आले. इतक्या लांबच्या माणसाने सांगितलेल्या वेळांवर कॅलिफोर्नियावाल्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ते स्वतः आले. ती शर्यत जिंकले मात्र इथलेच आर्ट क्रिसमन. त्या शर्यती आजही दर मार्चमध्ये होतात. आम्ही गेलो होतो तो ऑक्टोबरातला मेळा १९९२ पासून भरतो. जुने ड्रायव्हर, जुने मेकॅनिक, जुन्या गाड्या, सगळ्यांची भेट.

सकाळी आम्ही झाडांखाली मांडलेल्या गाड्या बघत हिंडलो. त्याबद्दल फार लिहीत नाही, चकचकीत रंगाचे फोटो कुठेही मिळतात. माझा जीव अडकला तो पिटमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांची दुरुस्ती चालते त्या जागी, एका लांबुळक्या, सायकलच्या चाकांसारखी पुढची चाकं असलेल्या गाडीपाशी. तिचे मालक ऐंशीच्या घरातले. बोटांच्या पेरांत तेलाचा काळा रंग कायमचा मुरलेला. तो रंग मी ओळखते, अप्पांच्या बोटांतही आहे. मी गाडीला हात न लावता वाकून बघतेय हे पाहून ते आजोबा स्वतःच उठून आले.

जुन्या ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे फक्त ड्रॅग शर्यतीसाठी बांधलेल्या अशा गाडीत, ड्रायव्हर मागच्या ॲक्सलच्याही मागे बसतो. पाय ॲक्सलच्या वरून पुढे घ्यायचे, चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल दोन मांड्यांच्या मध्ये, आणि इंजिन थेट तोंडासमोर. तेल उडालं तर चष्म्यावर, आग लागली तर अंगावर. गिअरबॉक्स फुटला तर काय होतं ते १९७० मध्ये लायन्स नावाच्या शर्यतीच्या पट्ट्यावर गार्लिट्स यांनी भोगलं. उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. रुग्णालयातून परतून त्यांनी इंजिन पाठीमागे असलेली गाडी बांधली, १९७१ मध्ये ती जिंकू लागली, आणि दोन-चार वर्षांत ही जुनी जात मैदानातून गेली. आजोबा हे सांगताना सीटच्या कडेवरून हात फिरवत होते. ते म्हणाले, "आम्हाला धोका माहीत होता. पण समोर इंजिन दिसलं की ते काय म्हणतंय ते कळायचं."

इंजिन क्रायस्लरचं, हेमी, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षाचं. डोक्यावर ब्लोअर, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. हा ब्लोअर मुळात जीएमसीच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा, ट्रकच्या भंगारातून काढून पोरांनी रेसच्या इंजिनावर बसवला. मी तिथूनच अप्पांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "रूट्स ब्लोअर. ओळखला."

आणि इंधन. पेट्रोलचा एक किलो जाळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. नायट्रोमिथेनला पावणेदोन किलोही पुरते, कारण ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. किलोमागे त्याची ताकद पेट्रोलच्या पाव, पण तेवढ्याच हवेत आठपट इंधन कोंबता येतं. त्यामुळे एकूण जोर दुपटीच्या वर जातो. इंजिन त्यासाठी बनलेलं नसतं. तेच तर सगळं आहे.

दुपारी उन्हं कलल्यावर दोन ट्रेलर सोडून पलीकडे तिघांनी वाद्यं लावली. गिटार, बेस, ड्रम. जनरेटरवर चालणारा एक जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. गिटारवाल्याची दाढी छातीपर्यंत आणि शर्टावर ग्रीसचे डाग, म्हणजे सकाळपासून तोही कुठल्यातरी गाडीखालीच होता. त्याने पहिली तार ओढली आणि मला २०११ सालची मेहबूब स्टुडिओतली रात्र आठवली. वांद्र्याला पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव भरला होता आणि मंचावर ब्लूजचे गिटारवादक बडी गाय होते. गिटार रडते, भांडते, गुरगुरते हे मी त्या रात्री ऐकलं होतं. ते कसं होतं ते मात्र फमोसोला, त्या ॲम्प्लिफायरपाशी उभं राहून कळलं.

व्हॉल्व्हला जेवढं पेलतं त्यापेक्षा जास्त आवाज त्याच्यात ढकलला की लाटेचे शेंडे चिरडले जातात. स्वच्छ सूर खरबरीत होतो, त्याला दात फुटतात. कारखान्याच्या दृष्टीने तो दोष. शिकागोच्या दारूच्या गुत्त्यांत, गोंगाटावर मात करायला मडी वॉटर्ससारख्या ब्लूज कलाकारांनी तोच दोष आपला आवाज केला. ब्लूज-रॉक उभं आहे ते त्याच्यावर. आणि हेमीत नायट्रो कोंबणारा माणूस वेगळं काय करत होता? दोन्हीकडे यंत्राला त्याच्या मर्यादेपलीकडे दाबलं, आणि ते फुटायच्या आधी जे बोलतं ते ऐकायला माणसं जमली. मला हे नातं ओढूनताणून जोडलेलं वाटत नाही. सांता आनाचा पट्टा सुरू झाला त्याच १९५० साली, त्याच ऑरेंज काउंटीत, फुलर्टनच्या कारखान्यात लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली. पुढे त्यांच्या गिटारींना रंग दिला जायचा तोही मोटारींचाच. लेक प्लॅसिड ब्लू हा कॅडिलॅकचा निळा, फिएस्टा रेड हा फोर्ड थंडरबर्डचा लाल. टेक्सासच्या झेडझेड टॉप बँडचे गिटारवादक बिली गिबन्स यांची १९३३ची लाल फोर्ड कूप त्यांच्या दाढीइतकीच प्रसिद्ध आहे, आणि इंग्लंडचे गिटारवादक जेफ बेक तर गिटार खाली ठेवून आपल्या गॅरेजात स्वतः हॉट रॉड बांधायचे. ही माणसं छंद म्हणून दोन वेगळ्या गोष्टी करत नव्हती, असं मला तिथे उभी असताना ठाम वाटलं.

शर्यतीही पाहिल्या. आधुनिक टॉप फ्युएलची, म्हणजे नायट्रोवरच्या सर्वांत वेगवान गाड्यांची, धाव २००८ पासून हजार फुटांवर आणली आहे, पण या जुन्या धाटणीच्या गाड्या अजून पूर्ण पाव मैल पळतात. साडेपाच सेकंद, ताशी चारशे किलोमीटरच्या आसपास. डोळे वळवेपर्यंत पॅराशूट उघडलेलं असतं. पण खरं सांगायचं तर मला शर्यतीपेक्षा संध्याकाळ मोठी वाटली.

अंधार पडू लागला तसे लोक कठड्याला येऊन उभे राहिले. २००० सालापासून इथे शनिवारी संध्याकाळी जुन्या ड्रॅगस्टर नुसत्या सुरू करतात. पळवायच्या नाहीत, फक्त बोलू द्यायच्या. त्याला कॅकलफेस्ट म्हणतात. या गाड्यांना स्टार्टर नसतो. मागून एक जुनी पिकअप गाडी ढकलत आणते, वेग आला की गाडी गिअरमध्ये टाकायची, इंजिन फिरू लागतं, आधी तेलाचा दाब चढू द्यायचा आणि मग ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा खटका. आजोबांच्या गाडीत त्यांचा नातू बसला होता. आजोबा स्वतः पिकअपच्या स्टिअरिंगवर.

खटका पडला. पहिला आवाज कानात आलाच नाही, बरगड्यांत आला. कानात बोळे होते, वर हात दाबले होते, तरी छातीचा पिंजरा आतून कोणीतरी ठोकतंय असं वाटलं. एकामागून एक गाड्या पेटत गेल्या. वर वळलेल्या नळ्यांतून पिवळ्या ज्वाळा निघत होत्या, प्रत्येक ठोक्याला एक. धुराने डोळे झोंबले आणि घळाघळा पाणी आलं, नायट्रोच्या धुरात आम्ल असतं. आजूबाजूला बहुतेकांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या शेजारी चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी बाई होत्या, त्यांनी कानावरचे हात मुद्दाम काढले. दादाने माझा दंड घट्ट धरला होता. तिकडे नारायणगावात नरक चतुर्दशीची पहाट झाली असणार, अभ्यंगस्नानं आटोपून पोरं फटाके लावत असणार.

ही यंत्रं संग्रहालयातही आहेत. पोमोनाला वॉली पार्क्स यांच्या नावाचं संग्रहालय आहे, आदल्या दिवशी आम्ही तेही पाहिलं होतं. सुंदर आहे. पण तिथे गाड्या गप्प असतात.

मी फोनवर आवाज टिपला. नंतर ऐकला तर नुसती खरखर. त्या एवढ्याशा माइकमध्ये काहीच मावलं नव्हतं.

गाड्या बंद झाल्यावर आजोबांना निरोप द्यायला गेलो. दादाने चकल्यांचा डबा पुढे केला. त्यांनी एक घेतली, मग दुसरी मागून घेतली. "तुझे वडील मेकॅनिक ना?" म्हणत टूलबॉक्समधून एक वापरलेला स्पार्क प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. एका शर्यतीतला होता. टोकाचं इलेक्ट्रोड वितळून नाहीसं झालेलं.

पंधरा दिवसांनी तो अप्पांच्या हातात होता. त्यांनी चष्मा वर केला, प्लग खिडकीच्या उजेडात धरला, नखाने टोक खरवडलं.

"इलेक्ट्रोड गेलंय. मग शेवटपर्यंत पेट कशाने घेतला?"

मी आजोबांनी सांगितलेलं सांगितलं. अर्ध्या पट्ट्यानंतर प्लग असून नसून सारखेच. दाब आणि उष्णता एवढी होते की इंधन आपोआप पेटत राहतं.

"म्हणजे शेवटी डिझेलच झालं की," अप्पा म्हणाले. त्यांनी प्लग फडक्याने पुसला आणि नोझल ठेवायच्या डब्यात ठेवला.