रविवारी कामाला न येणारी पुस्तकं

ईस्टर झाला, वार्षिक सभा पार पडली, की हा प्रश्न हमखास येतो: "उन्हाळ्यात वाचायला दोन-चार चांगली पुस्तकं सांगा." विचारणारे कधी पुण्यातल्या कॅम्पातले पाळक असतात, कधी एखाद्या धर्मग्रामाचे फादर, कधी संडे स्कूल सांभाळणाऱ्या ताई. या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो, तो जरा वेळाने बाहेर येतो: "म्हणजे संदेशाला, रविवारच्या प्रवचनाला, उपयोगी पडेल असं काही?"

तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगायला हवं. उन्हाळ्यातली पुस्तकं संदेशाला उपयोगी न पडणारी असावीत. संदेशासाठी वाचणारा माणूस पुस्तक वाचत नसतो, दृष्टांत वेचत असतो. हाताशी लागलेला तुकडा रविवारी वापरला की पुस्तक त्याच्यापुरतं संपतं. वर्षभर हे चालायचंच, त्याला इलाज नाही. पण मे महिन्यातही तेच केलं, तर जूनमध्ये व्यासपीठावर उभा राहणारा माणूस मार्चमधलाच असतो.

या म्हणण्याला मोठा आधार आहे. पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनावर एक पत्र लिहिलं. मूळ विचार धर्मगुरू होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांपुरता होता. मग त्यांनी तो सगळ्या सेवकांपर्यंत वाढवला. पत्राची सुरुवातच सुट्टीतल्या कंटाळ्याने, उकाड्याने आणि ओस पडलेल्या वस्तीने होते. पेठेतली दुपारी दोनची वेळ डोळ्यांपुढे आणा. १९६४-६५ मध्ये ते अर्जेंटिनात सांता फे इथे, जेझुइट या कॅथलिक संघाच्या शाळेत साहित्य शिकवत होते. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे जुनं स्पॅनिश वीरकाव्य होतं, मुलांना मात्र विसाव्या शतकातला कवी गार्सिया लोर्का हवा होता. त्यांनी तोडगा काढला: 'एल सिद' घरी वाचायचं, वर्गात आवडीचे लेखक. पत्र छोटं आहे, तासाभरात संपतं, सुरुवात त्यानेच करावी. पोपचं आहे म्हणून बिबवेवाडीकडच्या प्रोटेस्टंट मित्रांनी बिचकू नये. नगर रोडवरच्या कॅथलिक मित्रांसाठी पुढे एक लुथेरन येतोच आहे.

आता हिशेब. एप्रिलच्या शेवटापासून १५ जूनपर्यंत साधारण सात आठवडे मिळतात. त्यातून व्हीबीएसचे, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेचे, दहा दिवस, लग्नं, गावाकडची फेरी आणि रविवार काढले की हातात फार तर ३० दिवस उरतात. रोज ४० मिनिटं धरली तर वीस तास. ओळखीच्या मराठीतलं एक पान दोन मिनिटांत होतं, म्हणजे सगळी मिळून ६०० पानं. इंग्रजी वाचताना तीन मिनिटं लागत असतील तर ४००. यात एक जाडं आणि दोन बारीक पुस्तकं बसतात. दहा पुस्तकांची यादी करणारे तिसऱ्या पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावर थांबतात आणि स्वतःला आळशी म्हणतात. चूक आळसाची नसते, भागाकाराची असते. वेळ दुपारची धरा. रात्री व्हीबीएसच्या कागदी मुकुटांना डिंक लावून झाल्यावर कुणाच्याच डोळ्यांत अक्षर ठरत नाही.

जाडं पुस्तक एकच घ्यायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आलेलं हे पुस्तक मराठी ख्रिस्ती घरांत असतं, पण बऱ्याच ठिकाणी शाळेतल्या धड्यापुरतंच वाचलेलं असतं. पाळकाने ते वाचावं ते साहित्य म्हणून नाही, भक्तिकथा म्हणून तर नाहीच. सेवकाचं घर आतून, स्वयंपाकघराच्या बाजूने कसं दिसतं हे इतक्या खरेपणाने दुसरीकडे सापडणं कठीण. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. मधला काळ हाच या पुस्तकाचा गाभा. एकाला झालेला साक्षात्कार दुसऱ्याच्या चुलीपर्यंत, पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचायला किती वेळ घेतो, त्यात घाई केली तर काय तुटतं आणि वाट पाहिली तर काय जुळतं, हे बाई कुठेही शिकवण्याचा आव न आणता सांगतात. वर बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेणाऱ्या वडिलांवर, घरातला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणाऱ्या नवऱ्यावर आणि स्वतःवर हसतात. पाळकांच्या पत्नीने आणि पाळकांनी एकच प्रत आळीपाळीने वाचली, तर जेवताना बोलायला बरंच निघेल. थोडं भांडणही होईल, हरकत नाही.

प्रत घेताना एक बघा: संक्षिप्त आवृत्तीही बाजारात असते. अप्पा बळवंत चौकात पुस्तक हातात आल्यावर चारही भाग आहेत ना, हे अनुक्रमणिकेत पाहूनच पैसे द्या. पुस्तक कंटाळवाणं वाटलं अशी तक्रार करणाऱ्यांनी पुष्कळदा चारच प्रकरणं वाचून, पती-पत्नीची ताटातूट होण्याआधीच सोडलेलं असतं.

दुसरी शिफारस फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची, पण अर्ध्या मनाने नव्हे, अर्ध्या मापाने. १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलेल्या या ग्रंथात जवळजवळ ११,००० ओव्या आहेत. रोज ४० वाचल्या तरी नऊ महिने लागतील. म्हणून उन्हाळ्यात संपवायचा विचारच करू नका. ग्रंथाचे दोन भाग आहेत, त्यांनाच पुराण म्हटलंय. पहिल्या पुराणाचा पहिला अवस्वरू, म्हणजे अध्याय, वाचा. मराठीला फुलांत मोगरी आणि परिमळांत कस्तुरी म्हणणाऱ्या ओव्या तिथेच आहेत. मग थेट दुसऱ्या पुराणात, येशूच्या जन्माकडे जा आणि रोज ४० ओव्या मोठ्याने म्हणा. मनात वाचलं की हमखास अडतं, कारण शब्द जुने आहेत, कोकणी वळणाचे आहेत. कानावर पडले की निम्मे आपोआप उलगडतात. मूळ छपाई रोमन लिपीत होती, तेव्हा जुनी प्रत उतरवून घेतलीत तर रोमन अक्षरंच समोर येतील. देवनागरीत वाचायला शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली, १९५६ साली पुण्यातच निघालेली आवृत्ती ग्रंथालयात शोधा.

हे पुस्तक वाचून काय मिळतं? भाषेची लाज जाते. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारा हा इंग्रज जेझुइट चारशे वर्षांपूर्वी ओवीत लिहीत होता आणि आपण आज "प्रभूमध्ये आशीर्वादित अशी वेळ" असल्या भाषांतरित मराठीत प्रार्थना करतो. जोडीला 'उपासना संगीत' या ख्रिस्ती गीतसंग्रहातलं नारायण वामन टिळकांचं रोज एक गीत चाल न लावता, नुसती कविता म्हणून वाचा. चालीच्या सवयीने कितीतरी ओळींचा अर्थ आपल्या कानांवरून निसटलेला असतो.

पाळकांना अनपेक्षित वाटणारं तिसरं नाव म्हणजे दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं', १९७८ चं. ते ख्रिस्ती पुस्तक नाही, धर्मावर फारसं बोलतही नाही. पण नगर, मराठवाडा भागातून पुण्यात आलेल्या अनेक ख्रिस्ती घरांची मुळं महार आणि मांग वस्त्यांत आहेत. आजोबांच्या पिढीने काय सोडलं, काय सोबत आणलं आणि नातवंडं कशाविषयी गप्प बसतात, हे ठाऊक नसेल तर घरभेटीत पाळक चहा पिऊन, स्तोत्र वाचून निघून येतो. या पुस्तकातलं एकही वाक्य रविवारी वापरू नका. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, कुणाला तरी ते आपल्यावरच मारलंय असं वाटेल.

बारीक पुस्तकांत पहिलं जर्मन लुथेरन पाळक डिट्रिख बोनहोफर यांचं 'लाइफ टुगेदर'. फिंकेनवाल्डे इथली त्यांची सेमिनरी, म्हणजे पाळकांची प्रशिक्षणशाळा, हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, १९३७ मध्ये बंद केली, त्यानंतर हे लिहिलं गेलं, १९३९ मध्ये छापलं. पाच प्रकरणं आहेत: सहजीवन, एकत्र घालवलेला दिवस, एकांतातला दिवस, सेवा, आणि पापकबुली व प्रभुभोजन. हे एकट्याने वाचायचं पुस्तक नाही. चार-पाच सेवक जमा करा, शक्यतो वेगवेगळ्या चर्चमधले, आणि पाच शनिवारी सकाळी सात वाजता एकेक प्रकरण घ्या, ऊन चढायच्या आत उठा. पहिल्या शनिवारी बहुतेक गट एकाच जागी अडकतो: मंडळी कशी असावी याचं स्वप्न खुद्द मंडळीपेक्षा लाडकं झालं की तो माणूस मंडळी मोडतो, असं बोनहोफर म्हणतात. नवी इमारत, नवा साउंड, नवी व्हिजन यांत गुंतलेल्या पाळकांना ते झोंबतं. तिथेच थांबा, पुढच्या पानांची घाई नको. गट शेवटच्या प्रकरणाला टाळतो, कारण एकमेकांसमोर पाप कबूल करण्याचा मामला आहे. तो शनिवार रद्द होऊ नये म्हणून तारीख पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा.

दुसरं बारीक पुस्तक डच कॅथलिक धर्मगुरू हेन्री नोवेन यांचं 'इन द नेम ऑफ जीझस', १९८९ चं, एका दुपारी होणारं. हार्वर्ड सोडून ते टोरोंटोजवळ, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांबरोबर 'लार्श' च्या घरात राहायला गेले. तिथून त्यांनी पुढाऱ्याचे तीन मोह मांडले: उपयुक्त दिसण्याचा, लोकांना थक्क करण्याचा आणि सत्तेचा. एक गोष्ट मात्र माहीत असू द्या. 'लार्श' चे संस्थापक जाँ व्हानिए यांनी अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं संस्थेनेच २०२० मध्ये जाहीर केलं. नोवेन यांच्यावर तो आरोप नाही. पण तिसऱ्या मोहाचं प्रकरण हे लक्षात ठेवून वाचलं की अधिक जड होतं, आणि नेतृत्वावरची बाकीची चकचकीत पुस्तकं फडताळातच बरी वाटतात.

संस्था चालवणाऱ्या भगिनींनी नोवेनऐवजी पंडिता रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' घ्यावं. ते १८८९ मध्ये, केडगावची मुक्ती मिशन ही त्यांची स्त्रियांसाठीची संस्था उभी राहण्याच्या आधी लिहिलेलं आहे. स्त्रियांच्या संस्था कशा चालतात, सभा कशा होतात, याच्याकडे रमाबाई कामाच्या नजरेने पाहतात आणि तिथला वर्णभेद झाकून ठेवत नाहीत. बाबा पदमनजींची कादंबरी 'यमुनापर्यटन' (१८५७) फक्त वीस पानं वाचली तरी पुरे. विधवांची करुण कहाणी सांगता सांगता लेखकातला उपदेशक मध्ये येतो आणि गोष्ट थांबते. उपदेशकाने हे दुसऱ्याच्या पुस्तकात एकदा पाहिलेलं चांगलं.

ज्यांना जुनं, मजबूत काही हवं असतं त्यांना सहाव्या शतकातले पोप ग्रेगरी द ग्रेट यांचं 'पास्टोरल रूल', सुमारे ५९० सालचं. सगळं नको, तिसरा भाग. त्यात श्रीमंत आणि गरीब, आनंदी आणि दुःखी, अशा जोड्या लावून कुणाशी कसं बोलावं हे सांगितलंय. घरभेटीला निघण्याआधी रोज एक जोडी, दहा मिनिटं.

टिपणं कशी ठेवायची, हेही विचारलं जातं. संदेशाची वही बाजूला ठेवा. नाहीतर हात आपोआप तीन मुद्दे पाडायला लागतो. शाळकरी मुलांची शंभर पानी वही घ्या. रोज तीनच ओळी: पान क्रमांक, अडलेलं वाक्य, आणि ते वाचताना डोळ्यांपुढे आलेल्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर, पूर्ण नाव नको, वही हरवू शकते. महिन्याअखेरीस ती अक्षरं मोजा. एकच अक्षर चारदा आलं असेल, तर जूनमधली पहिली घरभेट तिथे.

आणि पुस्तक अर्धं राहिलं तर? राहू द्या, खूण घालून ठेवा. अपवाद 'ख्रिस्तपुराणा'चा, त्याच्या ४० ओव्या पावसाळ्यातही चालू ठेवा. पालख्या पुण्यात येतात त्या आठवड्यात मात्र स्टीफन्स बाजूला ठेवून तुकारामांचे पाच अभंग वाचा, तेही मोठ्याने. टिळक ज्याच्यावर पोसले तो हाच झरा, आणि त्या आठवड्यात रस्त्यावर तो अर्थासकट ऐकू येतो.